लाल कण केंद्रकात नव्हते : विंचवाच्या एका स्लाइडचे प्रकरण

आमच्या विभागाच्या कपाटात स्लाइडची एक जुनी लाकडी पेटी आहे. गोव्याच्या पावसात काचेची वस्तू सांभाळणे किती जिकिरीचे असते ते इथल्या कोणत्याही प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारावे. जूनपासून कपाटात बल्ब पेटता ठेवावा लागतो, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहाव्या लागतात, तरीही चवथीपर्यंत एखाद्या स्लाइडवर बुरशीची नक्षी उमटतेच. या पेटीतल्या स्लाइड मी नोकरीला लागण्याच्या पुष्कळ आधी, विभागातल्या एका निवृत्त सरांनी केलेल्या. त्यांतल्या बहुतेकींवर एकाच विंचवाच्या शिरोवक्षाचे, म्हणजे डोके आणि छाती एकत्र असलेल्या भागाचे, ओळीने कापलेले छेद आहेत. काळा, जांभ्या दगडाखाली सापडतो तो मोठा विंचू.

अकराव्या स्लाइडवर चिठ्ठी होती : ‘विंचू, कॉक्सल ग्रंथी, कारमाइन’. कारमाइन हा लाल रंग. ती चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. बरीच वर्षे मी तृतीय वर्षाच्या मुलांना ही स्लाइड लावून सांगत आले, “या लाल दिसणाऱ्या मोठ्या पेशी बघा, ही विंचवाची उत्सर्जन ग्रंथी.” मुले आकृती काढत, मी सही करी. हे प्रकरण त्या सहीचे आहे.

प्रश्न कुठून आला

ज्या मुलीमुळे हे सगळे उलगडले ती गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली. प्राथमिक शाळा मराठीतून झालेली, टिपणवही अजूनही मराठीतच लिहिते. काजूच्या हंगामात तिची आई बागायतीत राबायला जाते. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडू लागले, तेव्हापासून त्या भागातल्या घराघरांत गोचीड हा जपून बोलायचा विषय झाला आहे. हा ताप पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली, कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात. त्याचा विषाणू मुख्यतः हिमाफायसॅलिस जातीच्या गोचिडांतून माणसाला लागतो.

प्रकल्पाचा विषय ठरवायला ती आली तेव्हा तिचा प्रश्न अगदी साधा होता.

“मॅडम, गोचीड एवढं रक्त पितो. त्यातलं पाणी जातं कुठं?”

मला तो प्रश्न फार आवडला. कारण त्याची दोन वेगवेगळी उत्तरे आहेत आणि दोन्ही विलक्षण आहेत. मऊ पाठीच्या गोचिडांत पायांच्या बुंध्याशी कॉक्सल ग्रंथी असते. रक्त पिता पिता किंवा पिऊन झाल्याबरोबर पहिल्या आणि दुसऱ्या पायाच्या मधून स्वच्छ द्रवाचे थेंब बाहेर पडतात. तेच हे जास्तीचे पाणी आणि क्षार. कडक पाठीच्या गोचिडांत, म्हणजे आपल्या गुरांवर आणि जंगलात असतात त्यांच्यात, ही ग्रंथीच नाही. मादी पोट भरेपर्यंत आपल्या मूळ वजनाच्या शंभरपट फुगते आणि प्यायलेल्या रक्तातले सुमारे ७० टक्के पाणी लाळेवाटे परत ज्याला चावली त्याच्याच अंगात सोडते. विषाणू जातो तो त्याच लाळेबरोबर. हे सांगितल्यावर ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “म्हणजे ती ग्रंथी असती तर?” या ‘असती तर’चे उत्तर माझ्याजवळ नव्हते, पण प्रकल्पाचा विषय मात्र ठरला : अष्टपाद प्राण्यांत, म्हणजे विंचू, कोळी, गोचीड यांच्या वर्गात, रक्त गाळणारे अवयव.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्देशांनंतर पदवीच्या वर्गात प्राण्यांचे विच्छेदन आता होत नाही, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे जुन्या स्लाइड हाच खरा खजिना उरला आहे. मी पेटी तिच्या हाती दिली.

पहिला आक्षेप

आठवडाभराने ती अकरावी स्लाइड घेऊन माझ्या टेबलाशी उभी.

“मॅडम, कारमाइननं केंद्रक रंगतं ना?”

“हो.”

“मग यात केंद्रक निळं का?”

मी म्हटले, “अगं, दोन रंग दिले असतील. हिमॅटॉक्सिलीनही दिलं असेल.”

“ते दिलंय, कळतंय. पण लाल कुठं गेलाय ते बघा ना.”

मी डोळा लावला. इतकी वर्षे ही स्लाइड मुलांना दाखवली होती, पण कमी वर्धनावर. तिने तेलाचे भिंग, म्हणजे सगळ्यांत जास्त वर्धनाचे, लावले होते. मोठमोठ्या, गोलसर पेशी. निळसर केंद्रक स्पष्ट. आणि लाल रंग केंद्रकात मुळीच नाही. तो होता पेशीच्या अंगात, कणाकणांनी. अगदी कडेला एक फिकट, रिकामी वाटणारी किनार. तिच्या आतल्या बाजूला बारीक लाल ठिपके. आणखी आत मोठे, गडद, जवळजवळ तपकिरी गोळे.

आमच्या प्रयोगशाळांत कारमाइन म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो बोरॅक्स कारमाइन. मेलेल्या, स्थिर केलेल्या ऊतीला तो देतात, आम्लयुक्त अल्कोहोलने जास्तीचा रंग काढून टाकतात आणि केंद्रके लाल उरतात. तसे असते तर या पेशीचे चित्र नेमके उलटे दिसायला हवे होते. असे कण दिसण्याचे सरळ कारण एकच : रंग विंचू जिवंत असताना त्याच्या रक्तात होता, आणि या पेशींनी तो रक्तातून उचलून आपल्या पोटात साठवला.

ही पद्धत जुनी आहे. अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या अखेरीस अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांच्या अंगात अमोनियात विरघळवलेला कारमाइन टोचून कोणत्या पेशी तो गोळा करतात हे पाहिले. उत्सर्जनाचे अवयव हुडकायची त्याची रीतच ती. अवयवाला नळी आहे का, तोंड आहे का हे न शोधता तो थेट विचारायचा, रक्तात घातलेली वस्तू शेवटी कुणाकडे जाते?

मी विभागाची जुनी नोंदवही काढली. सरांच्या अक्षरात अकराव्या ओळीत नोंद होती : ‘इंज. ॲम. कार्म.’ इंजेक्शन, अमोनिया कारमाइन. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात जुन्या चिठ्ठ्या ओल धरून सुटल्या म्हणून मी त्या नव्याने लिहिल्या होत्या. ‘इंज.’ आणि ‘ॲम.’ म्हणजे काय ते मला उमगले नव्हते. कुणाला विचारलेही नाही. जे कळले तेवढे ठेवले, बाकीचे गाळले. ‘कॉक्सल ग्रंथी’ हे शब्द तर नोंदवहीत कुठेच नव्हते; ते माझे. लाल पेशी पायाच्या बुंध्याजवळ दिसल्या, पाठ्यपुस्तकात विंचवाची उत्सर्जन ग्रंथी तिथेच दाखवतात, म्हणून मी ते लिहून मोकळी झाले.

तरीही ती कॉक्सल ग्रंथीच असू शकत होती

इथे घाईने निकाल लावण्यात अर्थ नव्हता. माझी चिठ्ठी अंदाजाने लिहिलेली असली तरी ती चूकच असेल असे नाही. टोचलेला कारमाइन गोळा करणाऱ्या पेशी अष्टपादांच्या शरीरात दोन ठिकाणी असतात, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या इतक्या जवळच्या नातलग आहेत की चूक होणे सोपे.

विंचू, कोळी, गोचीड यांच्यात आपल्यासारख्या बंद रक्तवाहिन्यांचे पुरते जाळे नाही. पाठीकडचे नळीसारखे हृदय रक्त पुढे ढकलते, ते धमन्यांतून जाते आणि मग मोकळ्या पोकळ्यांत सांडते. सगळे अवयव त्या रक्तात बुडलेले असतात. प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन आहे हिमोसायनिन, तांब्याचे. प्राणवायू धरला की निळसर दिसणारे. आपले हिमोग्लोबिन लाल पेशींच्या आत सुरक्षित बसलेले असते. विंचवाचे हिमोसायनिन मात्र थेट रक्तद्रवात विरघळलेले असते. त्याचा रेणू अजस्र, २४ उपघटकांचा, वजनाने १५ लाख डाल्टनच्याही वर (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक). आपल्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन ६६ हजार डाल्टनचे. ही तुलना मी मुद्दाम करते आहे. रक्त गाळायचे म्हणजे घाण बाहेर काढायची, असे आपण सहज म्हणतो. पण विंचवाच्या गाळणीपुढचा पहिला प्रश्न काय जाऊ द्यायचे नाही, हा आहे. हिमोसायनिन निसटले तर श्वासच निसटला.

पहिली गाळणी कॉक्सल ग्रंथीत. तिच्या टोकाला एक छोटी पिशवी असते, तिच्या भोवती रक्त. पिशवीची भिंत पेशींच्या एकाच थराची. या पेशी आपल्या मूत्रपिंडातल्या पोडोसाइटसारख्या : बाहेरून आधारपटल, त्यावर पेशींचे बोटांसारखे पाय एकमेकांत गुंतवून रोवलेले, आणि दोन पायांमधल्या चिंचोळ्या फटीवर एक अतिसूक्ष्म पडदा. रक्तातले पाणी, क्षार आणि लहान रेणू या फटींतून पिशवीच्या पोकळीत उतरतात. पुढे वळणावळणाची नळी लागते, तिथे कामाचे क्षार परत घेतले जातात, आणि उरलेला द्रव पायाच्या बुंध्याशी असलेल्या छिद्रातून बाहेर. विंचवात हे छिद्र तिसऱ्या पायाच्या बुंध्याशी, दोन्ही बाजूंना एकेक. आदिम कोळ्यांत अशा ग्रंथींच्या दोन जोड्या, पहिल्या आणि तिसऱ्या पायांशी. घरात जाळी विणणाऱ्या नेहमीच्या कोळ्यांत फक्त पहिल्या पायाशी एक जोडी.

दुसरी गाळणी म्हणजे नेफ्रोसाइट. हीच ती पेशी जिच्यासाठी मला हे सगळे लिहावेसे वाटले. तिला नळी नाही, पिशवी नाही, बाहेर जायचे छिद्र नाही. रक्ताच्या पोकळीत ती एकटी किंवा घोळक्याने बसलेली असते आणि स्वतःभोवती स्वतःचे आधारपटल गुंडाळून घेते. त्या पटलाखाली पेशीचा पृष्ठभाग आत आत दुमडून असंख्य अरुंद गल्ल्या तयार होतात. प्रत्येक गल्लीच्या तोंडावर पुन्हा तोच पडदा, पोडोसाइटच्या पायांमध्ये असतो तसाच. रक्तातला जो रेणू पटलातून आणि पडद्यातून पार होतो तो गल्लीत येतो. तिथे पेशीचे आवरण त्याच्याभोवती खळगा करते, खळग्याची पिशवी होते, पिशवी आत सरकते, आणि शेवटी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचवणाऱ्या पिशवीत, तो मोडला जातो. मोडता येत नाही ते साठून राहते.

म्हणजे गाळणी तीच, पण गाळलेले जाते कुठे हे वेगळे. पिशवीतल्या पोडोसाइटमधून पार झालेले लघवी होते. नेफ्रोसाइटमधून पार झालेले ती पेशी स्वतः गिळते. आपल्या शरीरात गाळणे पोडोसाइटकडे आणि गाळलेली प्रथिने परत उचलून पचवणे मूत्रनलिकेच्या पेशींकडे, अशी कामाची वाटणी आहे. नेफ्रोसाइट ही दोन्ही कामे एकटीच्या अंगावर घेते.

आता अडचण कळेल. पिशवीच्या पेशीही थोडाफार कारमाइन उचलतात. लाल रंग दिसला एवढ्यावरून निकाल देता येत नव्हता. आणि ज्याच्यावरून ओळख पटावी तो पडदा आमच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्यच नव्हते. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची पोच फार तर २०० नॅनोमीटरपर्यंत. ही फट ३० ते ४० नॅनोमीटरची. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्यासाठी ऊतीही निराळ्या रीतीने राखून ठेवलेली लागते. पॅराफिनमधल्या जुन्या छेदाचा तिथे उपयोग नव्हता.

तिने काय केले

तिने पोकळी शोधली.

युक्ती साधी, पण चिकाटीची. ग्रंथी असेल तर पेशींचा थर कशाला तरी वेढून असणार. आत मोकळी जागा असणार आणि ती पुढच्या छेदांत नळीकडे जाणार. नेफ्रोसाइट असतील तर घोळक्याला आत-बाहेर असे काही नसणार. एकाच छेदात हे ठरत नाही, कारण कडेवरून कापलेली पिशवीसुद्धा भरीव दिसते. पण छेद ओळीने होते. तिने आठव्या स्लाइडपासून पंधराव्यापर्यंत प्रत्येक छेदाचे चित्र ट्रेसिंग कागदावर काढले, कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. चार दुपारी गेल्या. बाहेर पाऊस, आत उजेड कमी, तरी तिने दिवा न लावता खिडकीच वापरली. कागद आरपार दिसायला हवे होते.

लाल घोळका नवव्या स्लाइडवर सुरू झाला आणि बाराव्यावर संपला. मध्ये कुठेही पोकळी नाही, कुठेही नळी नाही. प्रत्येक पेशीभोवती तिची स्वतंत्र कड. आणि चौदाव्या स्लाइडवर, तिसऱ्या पायाच्या बुंध्याशी, जिथे कुणीच कधी नीट पाहिले नव्हते, तिथे एक चपटी पिशवी : पातळ भिंत, आत मोकळी जागा, भिंतीतल्या पेशींत फिकट गुलाबी कण आणि बाजूला वळणाच्या नळीचे चार-पाच छेद. खरी कॉक्सल ग्रंथी ही. पेटीतच होती, फक्त तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

एक शंका मीच काढली. या मोठ्या पेशी रक्तात फिरणाऱ्या भक्षक पेशी कशावरून नसतील? त्याही परकी वस्तू गिळतात. याचे उत्तरही सरांनीच पेटीत ठेवलेले निघाले. सोळाव्या खाचेतली स्लाइड दुसऱ्या विंचवाची होती, नोंदवहीत ‘इंज. शाई’. काळ्या शाईतले काजळीचे कण कारमाइनच्या मानाने फार मोठे. त्या स्लाइडवर लहान, विखुरलेल्या रक्तपेशी काळ्याकुट्ट झालेल्या, आणि तशाच मोठ्या गोलसर पेशींचा घोळका मात्र अगदी स्वच्छ, एकही काळा कण नाही. भक्षक पेशी कणाला मिठी मारून गिळते, तिला कणाच्या आकाराची फारशी पर्वा नाही. नेफ्रोसाइटला आधी गाळणी ओलांडावी लागते. काजळी गाळणीबाहेरच राहिली. जो पडदा आम्हांला दिसत नव्हता तो त्या जागेवर आहे, हे त्या कोऱ्या पेशींनी सांगितले.

मला वाटते, सरांनी हे दोन विंचू शेजारी शेजारी याच हेतूने ठेवले असावेत. एका स्लाइडवर काय आत गेले ते, दुसरीवर काय बाहेर अडले ते. त्या स्लाइडवर अवयवाचे चित्र तर होतेच, पण विंचवाच्या शेवटच्या काही तासांतले त्या पेशींचे कामही नोंदलेले होते. कडेच्या फिकट किनारीत गल्ल्या, तिच्या आत नुकतेच उचललेले बारीक ठिपके, आणखी आत साठलेले गडद गोळे : उचलण्यापासून साठवण्यापर्यंतचा सगळा प्रवास एकाच पेशीत उभा होता. मी त्याला नुसता रंग म्हणत आले.

या पेशीकडे आज का पाहतात

तिच्या प्रकल्प-अहवालातले हे प्रकरण मी तिला वाढवायला सांगितले, कारण तिचे आवडते प्रश्न माणसांशी येऊन भिडतात. १९९८ साली कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने फिनलंडमधल्या एका जन्मजात मूत्रपिंडविकाराचे कारण शोधताना नेफ्रिन नावाचे प्रथिन ओळखले. हा विकार झालेल्या बाळांच्या लघवीतून प्रथिने वाहून जातात, कारण पोडोसाइटच्या फटीवरचा पडदा नीट घडतच नाही. नेफ्रिन हा त्या पडद्याचा धागा. त्यानंतर २००९ साली फळमाशीवरच्या संशोधनात दिसले की तिच्या नेफ्रोसाइटवरचा पडदाही नेफ्रिनच्या सग्यासोयऱ्या प्रथिनांचाच बनतो, आणि ती काढून टाकली की पडदा नाहीसा होतो. कोळी आणि विंचू यांच्या नेफ्रोसाइटवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तसाच पडदा दिसतो. आपल्या एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या, दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. जांभ्याच्या फटीतल्या विंचवाकडे अशा मोजक्या पेशींचे घोळके. रचना मात्र ओळखीची.

एका गोष्टीवरून आमचा वाद झाला. तिने अहवालात नेफ्रोसाइटला ‘विंचवाचे मूत्रपिंड’ म्हटले होते. मी ते खोडले. अष्टपादांची नत्रयुक्त घाण मुख्यतः ग्वानिनच्या रूपात, आतड्याला जोडलेल्या माल्पिघी नलिकांतून आणि आतड्याच्या पेशींतून विष्ठेबरोबर जाते; कोळ्याची विष्ठा पांढरी दिसते ती त्यामुळेच. पाणी आणि क्षार कॉक्सल ग्रंथी सांभाळते. नेफ्रोसाइट रक्तातली प्रथिने, त्यांचे तुकडे, नको ते रेणू उचलते. तीन ठिकाणी वाटलेल्या कामाला एका अवयवाचे नाव देऊ नये, असे माझे म्हणणे. तिने ऐकले, पण ‘मूत्रपिंडाची लांबची बहीण’ हे शब्द ठेवले. मीही मग ते खोडले नाहीत.

चिठ्ठ्या

नव्या चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या, न पुसणाऱ्या शाईने, आणि वर पारदर्शक रोगण लावले. चौदावी : ‘विंचू, कॉक्सल ग्रंथी, पिशवी व नळी, तिसऱ्या पायाचा बुंधा’. सोळावी : ‘विंचू, जिवंतपणी शाई टोचलेली, रक्तपेशी काळ्या, नेफ्रोसाइट कोऱ्या’. अकरावीवर जागा कमी होती. तिने विचारले, नोंदवहीतली सरांची अक्षरे तशीच ठेवायची का. मी हो म्हटले. आता तिथे लिहिले आहे : ‘विंचू, नेफ्रोसाइट. इंज. ॲम. कार्म.’ आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ‘इंज.’ आणि ‘ॲम.’ म्हणजे काय ते पूर्ण शब्दांत डकवले आहे.

यंदाच्या तृतीय वर्षाला ती स्लाइड लावली तेव्हा मी आधी काहीच सांगितले नाही. तेलाचे भिंग लावून एवढेच विचारले : लाल कुठे आहे?